सागरातील संतती आणि संगोपन

कोकणातल्या स्वयंपाकघरात भरलेला मासा चिरला म्हणजे त्याच्या पोटातून गाबोळी निघते. पातळ पडद्यात गुंडाळलेला तो पिवळसर गोळा तव्यावर पडण्यापूर्वी क्षणभर उजेडात धरून पाहिला, तर खसखशीसारखे असंख्य दाणे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. त्यांतला प्रत्येक दाणा म्हणजे एक अंडे. होऊ घातलेला एक मासा. एका सुरमईच्या पोटात अशी कित्येक लाख अंडी असतात. उत्तर अटलांटिकमधील कॉड माशाच्या थोराड मादीच्या पोटात ती पन्नास लाखांच्याही घरात जातात, आणि सनफिश नावाच्या अवाढव्य माशाच्या एका मादीतील अंड्यांचा अंदाज शास्त्रज्ञांनी ३० कोटी इतका केला आहे. उलट, मुंबईच्या बाजारात येणारी मुशी एका वेळी जेमतेम डझनभर पिले देते, आणि देवमाशाची मादी एकच. पाणी तेच, खारेपणा तोच, भक्षकांचे भय सर्वांनाच. मग संततीच्या बाबतीत एवढी तफावत कशासाठी?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १८८३ साली लंडन येथे भरलेल्या मत्स्योद्योगाच्या प्रदर्शनात थॉमस हक्स्ली या नामवंत जीवशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की कॉड, हेरिंग यांसारख्या माशांचे साठे अक्षय आहेत. माणूस जेवढे मासे धरतो ते त्यांच्या अफाट संख्येपुढे नगण्य होत. गाबोळीतले दाणे ज्याने पाहिले आहेत त्याला हे म्हणणे सहज पटावे. परंतु १९९२ साली कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉडची मासेमारी थांबवावी लागली, कारण पकडण्याजोगा साठाच उरला नव्हता. हजारो कोळ्यांचा पिढीजात धंदा बुडाला. ही बंदी उठून मर्यादित प्रमाणात व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. प्रत्येक मादी लाखो अंडी घालीत असता साठा संपला कसा? या कोड्याचे उत्तर सागरी प्राण्यांच्या प्रजोत्पादनाच्या रीतींत दडलेले आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. एखाद्या जातीची संख्या वर्षानुवर्षे साधारण स्थिर राहत असेल, तर त्याचा अर्थ असा, की एका जोडप्याच्या आयुष्यभराच्या संततीपैकी सरासरीने दोनच जीव वयात येऊन त्यांची जागा घेतात. कॉडची मादी आयुष्यात कोट्यवधी अंडी घालीत असेल, तर त्या कोट्यवधींतून दोन वाचतात. म्हणजे अंड्यांची विपुलता ही समृद्धीची खूण नसून मृत्यूच्या प्रमाणाची खूण आहे.

हे मृत्यू कोठे घडतात याचा शोध नॉर्वेत लागला. लोफोटेन बेटांपाशी दर हिवाळ्यात कॉड अंडी घालण्यास येतो. पण एखाद्या वर्षी त्याचे थवेच्या थवे येत, तर एखाद्या वर्षी होड्या रिकाम्या परतत. याचे कारण शोधण्यासाठी १८६४ साली सरकारने गेओर्ग ओसियान सार्स या तरुण शास्त्रज्ञाची योजना केली. माशांची अंडी समुद्राच्या तळाशी पडून राहतात अशी तोवर समजूत होती. सार्सला कॉडची अंडी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, पारदर्शक मोत्यांसारखी तरंगत असलेली आढळली. त्यांना ना घरटे, ना राखणदार. प्रवाह नेईल तिकडे ती जात. पुढे १९१४ मध्ये योहान योर्ट या त्याच्याच देशबांधवाने माशांच्या खवल्यांवरील वार्षिक वलये मोजून असे दाखविले, की नॉर्वेच्या हेरिंग मासेमारीला कित्येक वर्षे मुख्यतः एकाच वर्षी, १९०४ साली, जन्मलेल्या माशांनी पोसले होते. पुढेमागे जन्मलेल्या इतर पिढ्या त्यामानाने अगदी क्षीण होत्या. अंड्यातून बाहेर पडलेल्या इवल्या जीवाजवळची बलकाची शिदोरी संपते, त्याच वेळी योग्य अन्न तोंडाशी आले तर तो जगतो, नाही तर मरतो, असे योर्टचे अनुमान होते. त्या अनुमानाला पुढे बरीच पुरवणी जोडली गेली आहे. परंतु बालपणीच्या काही आठवड्यांवर सबंध पिढीचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे.

मग अशी बेभरवशाची रीत निसर्गात टिकली कशी? उत्क्रांतीचा नियम जातीच्या कल्याणाचा विचार करीत नाही. ज्या मादीची अधिक संतती वयात येते तिचे गुण पुढच्या पिढीत अधिक उतरतात, एवढेच त्या नियमाचे सूत्र. आता मादीजवळ अंड्यांवर खर्च करण्यासाठी अन्नशक्तीचा ठराविक साठा असतो. त्यातून थोडी पण मोठी अंडी करावीत किंवा पुष्कळ पण बारीक. जमिनीवरचे अंडे उघड्यावर पडले तर सुकून जाते. म्हणून कोंबडीला टणक कवच व भरपूर बलक यांवर खर्च करावाच लागतो. समुद्रात ही अडचण नाही. पाणी अंड्याला तोलून धरते, ओले ठेवते आणि प्राणवायू पुरविते. शिवाय त्याच पाण्यात प्लवक म्हणजे सूक्ष्म तरंगती जीवसृष्टी असल्याने खसखशीएवढ्या पिलालाही आपले अन्न आपण मिळविता येते. अशा ठिकाणी कोणते पिलू वाचेल हे आईला ठरविता येत नसेल, तर प्रत्येकावर थोडा खर्च करून ती दूरवर विखरून देणे हेच किफायतशीर ठरते. शेतकऱ्याने पाऊस कोठे पडेल हे ठाऊक नसता निरनिराळ्या शेतांत बी टाकावे, तसाच हा प्रकार आहे.

परंतु उघड्या पाण्यात अंडी सोडण्यात एक मोठी अडचण आहे. अंडे आणि शुक्रपेशी यांची गाठ पडली पाहिजे, आणि अथांग पाण्यात शुक्रपेशी क्षणार्धात विरळ होतात. जागचे हलू न शकणाऱ्या प्राण्यांना तर ही अडचण फारच जाणवते. यावर प्रवाळांनी योजलेला उपाय म्हणजे काळाची अचूक एकवाक्यता. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वसंत ऋतूच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री, काळोख पडल्यावर शेकडो मैलांच्या परिसरातील प्रवाळ जवळजवळ एकाच वेळी गुलाबी व नारिंगी रंगाचे अंडी-शुक्रपेशींचे गोळे पाण्यात सोडतात. १९८४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, आणि पुढे शंभरावर जाती या सामूहिक सोहळ्यात सामील असल्याचे आढळले. पाण्याचे तापमान महिना ठरविते, चंद्राची कला रात्र ठरविते आणि सूर्यास्त घटका ठरवितो. एकाच वेळी एवढी अंडी पाण्यावर आल्याने भक्षकांची पोटे भरतात आणि तरीही पुष्कळ अंडी उरतात, हा त्यातला दुसरा लाभ.

खडकांवर चिकटून राहणारे बार्नेकल मात्र वेगळ्या वाटेने गेले. ओहोटीच्या वेळी अनवाणी पायांना टोचणारी ही लहान शंक्वाकृती कवचे म्हणजे खेकड्या-कोळंब्यांचे नातलग होत. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या उपेक्षित प्राण्याच्या अभ्यासात घालविली. बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असतात. म्हणजे प्रत्येकात नर व मादी या दोघांचीही इंद्रिये असतात. शेजारी कोणीही असो, त्याच्याशी समागम शक्य व्हावा, हा याचा फायदा. जागा सोडता येत नसल्यामुळे त्यांचे जननेंद्रिय शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब वाढते आणि चाचपडत शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. काही जातींत मात्र मोठ्या प्राण्याच्या कवचालाच चिकटून राहणारे सूक्ष्म नर असतात, असे डार्विनला आढळले. नर व मादी हा भेद अढळ नसून परिस्थितीप्रमाणे बदलू शकतो, याचे हे सूचक उदाहरण होते.

हा बदल एकाच प्राण्याच्या आयुष्यातही घडू शकतो. रायगड जिल्ह्यात आणि सर्व कोकणात पाहुणचारासाठी नावाजलेला जिताडा घ्या. तो प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, वजनाने भरल्यावर, मादी होतो. याचे इंगित असे, की शुक्रपेशी अतिसूक्ष्म असल्यामुळे लहान नरालाही त्या विपुल करता येतात, परंतु अंडी किती मावतील हे पोटाच्या आकारावर ठरते. म्हणून लहानपणी नर आणि मोठेपणी मादी असणे लाभाचे. जेथे एकच बलिष्ठ नर अनेक माद्यांवर स्वामित्व गाजवितो तेथे हिशेब उलटतो. इतर माशांच्या अंगावरील परजीवी टिपून खाणारा, प्रवाळांत राहणारा एक छोटा मासा आहे. त्याच्या कळपात एक नर आणि काही माद्या असतात. नर मेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत ती खरोखरच नर बनते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने अनेकांना चकित केले. हेकरूच्या वर्गातील पुष्कळ जाती याच पद्धतीने आधी मादी व मग नर होतात.

खोल समुद्रात सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि प्राणीही विरळ असतात. तेथे जोडीदार भेटणे हाच खरा योग. १९२२ साली आइसलंडच्या एका शास्त्रज्ञाला तेथील खोल पाण्यातून आलेल्या अँग्लर माशाच्या अंगाला दोन छोटे मासे तोंडाने चिकटलेले आढळले. ती पिले असावीत असे त्याला वाटले. १९२५ मध्ये चार्ल्स टेट रीगन या इंग्रज शास्त्रज्ञाने ओळखले, की अशी ही चिकटलेली बुटकी मासळी म्हणजे मादीचे नर होत. काही जातींत नराचे व मादीचे रक्ताभिसरणही एक होते आणि नर जन्मभर तिच्याच रक्तावर पोसला जातो. परके मांस शरीर सहसा स्वीकारीत नाही. परंतु या माशांनी रोगप्रतिकाराच्या यंत्रणेतील महत्त्वाचे भाग गमावले असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. एकदा भेटलेला जोडीदार हातचा जाऊ नये म्हणून निसर्गाने केवढी किंमत मोजली आहे!

आता संगोपनाची बाजू पाहू. जेथे आईबापांच्या पहाऱ्याने पिलांच्या जगण्यात खरोखर फरक पडतो, तेथे अंडी कमी करून ती जपण्याकडे प्रवृत्ती होते. समुद्रघोड्यात मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत ठेवते आणि पिले बाहेर पडेपर्यंत नरच ती सांभाळतो. ऑक्टोपसची मादी अंड्यांवर बसून त्यांवर ताजे पाणी खेळवते, आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरण पावते. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे दरीत सुमारे १,४०० मीटर खोलीवर एक मादी २००७ साली अंडी राखताना दिसली. शास्त्रज्ञ यंत्राच्या साहाय्याने पुनःपुन्हा तेथे गेले, आणि प्रत्येक वेळी ती तेथेच होती. हा पहारा ५३ महिने, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षे चालला. तिने त्या काळात अन्न घेतल्याचे कधीही दिसले नाही. पाणी अतिशय थंड असल्यामुळे पिलांची वाढ मंद होते, पण ती बाहेर पडतात तेव्हा शिकार करण्यास समर्थ असतात.

शार्क व पाकट यांनी याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्यात फलन मादीच्या शरीरातच होते, आणि पुष्कळ जाती जिवंत पिलांना जन्म देतात. एका जातीच्या मुशीत पिलू नाळेने आईच्या गर्भाशयाला जोडलेले असते, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. परंतु ते खरे असल्याचे योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये सिद्ध केले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल मिळणाऱ्या चपट्या तोंडाच्या लहान मुशीचे अंडे तर सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे त्यात बलकाची शिदोरी नाहीच म्हटले तरी चालेल. पिलाचे सारे पोषण वारेतून, आईच्या रक्तातून होते. या मुशीची पिले काही महिन्यांत जन्मतात. पण काटेरी डॉगफिश नावाच्या थंड पाण्यातील शार्कची मादी जवळजवळ दोन वर्षे गर्भार राहते, आणि तीही उशिरा वयात येऊन मोजकीच पिले देते. विसाव्या शतकात ईशान्य अटलांटिकमध्ये तिची बेसुमार मासेमारी झाली, आणि तो साठा झपाट्याने खालावला. जेथे मृत्यू कमी म्हणून जन्म कमी, तेथे माणसाने मृत्यू वाढविला तर जन्म वाढवून तूट भरून काढण्याचा मार्ग त्या प्राण्याला उपलब्ध नसतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रचंड देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, भारताने २००१ साली कायद्याचे संरक्षण दिले, ते याच विचाराला धरून होते.

पूर्वजांचा वारसाही प्रजोत्पादनाची रीत ठरवितो. कासवांचे पूर्वज जमिनीवरचे; त्यांच्या अंड्यांना हवा लागते. म्हणून सागरात जन्म काढणाऱ्या कासविणीला अंडी घालण्यासाठी वाळूत यावेच लागते. ओडिशातील गहिरमाथा येथे ऑलिव्ह रिडले कासविणी हजारोंच्या संख्येने थोड्याच रात्रींत किनाऱ्यावर चढतात. १९७४ मध्ये हे स्थळ शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. प्रत्येक कासवीण खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. एकाच वेळी एवढी पिले निघाली म्हणजे कावळे, कुत्री, खेकडे यांची पोटे भरूनही काही पिले पाण्यापर्यंत पोहोचतात. प्रवाळांनी पाण्यात साधलेला लाभ येथे वाळूवर साधला जातो. मात्र पिलू नर होईल की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने ही जुनी व्यवस्था पुढे कितपत चालेल, याची आज शास्त्रज्ञांना चिंता आहे.

या सर्व उदाहरणांचा मेळ घातला म्हणजे हक्स्लीच्या म्हणण्यातील चूक ध्यानात येते. कॉडचा भरवसा अंड्यांच्या नुसत्या संख्येवर नव्हता. एखाद्या वर्षीची सारी पिढी वाया जाणार हे त्याच्या जीवनक्रमात गृहीतच होते. म्हणून तो पुष्कळ वर्षे जगतो आणि वर्षामागून वर्षे अंडी घालतो, की त्यांतले एखादे वर्ष तरी अनुकूल निघावे. जाळ्यांनी नेमकी ही दीर्घायुषी, थोराड मासळी उचलली. त्यातही थोराड मादीचे मोल तिच्या वजनाहून अधिक असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ३० किलो वजनाची कॉडची एक मादी जितकी अंडी घालते, तितकी घालण्यास २ किलोच्या सुमारे २८ माद्या लागतात. म्हणजे वजनाच्या मापाने ३० किलोचे काम ५६ किलोंना करावे लागते. मोठ्या माद्या गेल्या आणि प्रतिकूल वर्षे निभावून नेणारी शिल्लकच सरली.

हीच गोष्ट भारताच्या किनाऱ्यांनाही लागू आहे. जिताड्यातील मोठे मासे तेवढे वेचून काढले तर माद्या जातात. हेकरूतील मोठे वेचले तर नर जातात. आणि मुशीची गर्भार मादी धरली तर पुढची पिढी आईबरोबरच टोपलीत येते. उलट फार लहान मासे धरले तर त्यांना एकदाही अंडी घालण्याची संधी मिळत नाही. म्हणूनच केरळच्या पाठोपाठ महाराष्ट्रानेही २०२३ साली अनेक जातींच्या माशांची पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवण्याची कोळ्यांची जुनी चाल दर्याच्या भयाने पडली असेल. परंतु पुष्कळ जातींची वीण त्याच सुमारास होत असल्याने त्या विश्रांतीचा लाभ माशांनाही मिळत आला आहे.

एकच नियम सर्व जातींना लावून चालणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. तारलीला जो न्याय, तो मुशीला लागू पडत नाही. आणि जिताड्याला जो, तो हेकरूला नाही. प्रत्येक प्राण्याने लक्षावधी वर्षांत आपापल्या संकटांशी जुळेल असा संततीचा आणि संगोपनाचा मेळ घातला आहे, आणि समुद्रातून अन्न घेणाऱ्या माणसाला तो जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. तव्यावरच्या गाबोळीतले ते लाखो दाणे पाहून समुद्राला काही कमी नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या लाखोंमधून दोनच वाचायचे असतात, आणि ती दोन वाचावीत यासाठी त्यांची आई अनेक पावसाळे समुद्रात राहावी लागते.